टोंगळ्यावरचं यंत्र आणि जमिनीवरचं जगणं

माझी मावशी वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ६८. जमिनीवर बसलेली मावशी उठते कशी, हे मी गेल्या दिवाळीत पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी ती दोन्ही हात टेकवून एका कुशीवर वळते. मग डावा टोंगळा, म्हणजे गुडघा, पोटाशी घेते, त्याच्यावर उजवा हात दाबते आणि डाव्या हाताने दाराची चौकट धरते. क्षणभर थांबते, "माय वं" म्हणते आणि वर येते. उभी राहिली तरी लगेच चालत नाही. चौकट धरून पाच-सहा श्वास जातात, तेव्हा कुठे पहिलं पाऊल पडतं. चौकटीचा तेवढा वीतभर भाग तिच्या हाताने गुळगुळीत झाला आहे.

त्याच दिवशी तिच्या नातवाने तिला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातला एक म्हातारा गुडघ्यावर पट्ट्यासारखं यंत्र बांधून जिना चढत होता. मावशीने ती दोनदा पाहिली आणि विचारलं, "हे यंत्र माह्या लुगड्यात कसं बसन रे, बापू?" त्या प्रश्नाने मला कामाला लावलं. अंगावर घालायची ही यंत्रं आज कुठवर आली आहेत, ती कुणाच्या उपयोगाची आहेत आणि आपल्या भागातल्या टोंगळ्यांना त्यांच्याकडून काय मिळू शकतं, याचा हा आढावा.

आधी टोंगळ्यांविषयी. घराघरांत आपण ऐकतो ते असं: वाटी घासली, गादी झिजली, ग्रीस संपलं. डॉक्टर त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, तो विरळ होतो, हाडाच्या कडा वाढतात, सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते. कूर्चेला स्वतःला वेदना कळत नाही, कारण तिच्यात मज्जातंतू नसतात. दुखतं ते आजूबाजूचं हाड, अस्तर आणि स्नायुबंध. म्हणून एक्स-रेमध्ये खूप झीज दिसणारा माणूस कधी कधी बिनतक्रार चालतो आणि थोडी झीज असलेली बाई रात्रभर कण्हते. भारतात ५ ठिकाणच्या वस्त्यांमध्ये केलेली एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात गुडघ्याच्या या आजाराचं प्रमाण २८.७ टक्के निघालं होतं.

आमच्या भागात या आजाराला शेतीची आणि घराची जोड आहे. २०११च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास १२ लाख होती आणि शंभरातली ८२ माणसं खेड्यात राहत होती. सोयाबीन, तूर आणि कपाशी ही इथली पिकं. निंदण उकिडवं बसून होतं, सोयाबीनची सोंगणी विळा घेऊन वाकून नाहीतर बसत-सरकत होते. घरी आल्यावर चूल, भांडी, धुणं, जेवण सगळं जमिनीवर, संडासही उकिडवं बसायचा. बाईच्या अंगावर हे दोन्हीकडून येतं. याला संशोधनाचाही आधार आहे. बीजिंगमधल्या वृद्धांच्या पाहणीत तरुणपणी दिवसाचे तास न् तास उकिडवं बसणाऱ्यांत पुढे गुडघ्याच्या झिजेचं प्रमाण जास्त आढळलं. तिथल्या बायकांत ते अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या गोऱ्या बायकांपेक्षाही जास्त होतं. आपल्याकडे एवढं बारकाईने कुणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही, पण सोंगणीच्या दिवसांत संध्याकाळी शेतातून परतणाऱ्या बायांची चाल ज्याने पाहिली, त्याला ते पटायला वेळ लागणार नाही.

आता यंत्राकडे येऊ. पण त्याआधी एक घोटाळा दूर करायला हवा. अकोल्याला, नागपूरला मोठमोठ्या फलकांवर 'रोबोटिक नी' असे शब्द दिसतात. त्यांचा अर्थ सांधा बदलायच्या शस्त्रक्रियेत हाड नेमकं कापायला यंत्राच्या हाताची मदत घेणं. शस्त्रक्रिया झाली की यंत्र दवाखान्यातच राहतं. या लेखातलं यंत्र वेगळं आहे. ते पायावर चढवायचं, पट्टे आवळायचे आणि ते घालून चालायचं. गावातल्या एका शिकलेल्या माणसानेही मला विचारलं होतं, "ते रोबोट आत बसवतात ना?" हा फरक लोकांना सांगितला पाहिजे, कारण एका शब्दाच्या ओढीने माणूस जमीन गहाण टाकायला निघतो.

अंगावर चढवायच्या यंत्राची कल्पना जुनी आहे. रशियातल्या निकोलस याग्नने चालणं, पळणं सोपं करणाऱ्या जोडणीचं पेटंट १८९० साली घेतलं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकने 'हार्डिमन' नावाचा अजस्र सांगाडा बनवायला घेतला. त्याचं वजन ६००-७०० किलोच्या घरात गेलं आणि माणूस आत घालून तो पूर्णपणे चालवता आलाच नाही. त्याच सुमारास बेलग्रेडच्या मिहाइलो पुपिन संस्थेत मिओमिर वुकोब्रातोविच यांनी अर्धांग गेलेल्यांसाठी चालणारे सांगाडे बनवायला सुरुवात केली. खरा बदल आला तो मोटरी लहान झाल्या, लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आणि हालचाल ओळखणारे सेन्सर स्वस्त झाले तेव्हा. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातले योशियुकी सांकाई यांचं 'हॅल' हे यंत्र त्वचेवरून स्नायूंचे बारीक विद्युत संकेत पकडतं, म्हणजे माणसाने पाय उचलायचं मनात आणलं की मोटर मदतीला येते. स्नायू आणि मज्जातंतूंच्या काही आजारांसाठी २०१६पासून जपानच्या आरोग्य विम्यातून त्याचा उपचार मिळतो. इस्रायलचे अमित गोफर १९९७च्या अपघातात स्वतः अपंग झाले आणि त्यांनी 'रीवॉक' बनवलं. २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते घरी वापरायला मान्यता दिली. २०२४मध्ये तिथल्या मेडिकेअर विम्याने अशा वैयक्तिक यंत्रासाठी सुमारे ९१ हजार डॉलर द्यायचं ठरवलं. आपल्या पैशात ही रक्कम पाऊण कोटीच्या पुढे जाते.

पण हॅल, रीवॉकसारखी यंत्रं कण्याला मार लागलेल्या, अर्धांगवायू झालेल्या किंवा स्नायू-मज्जातंतूंचा आजार असलेल्या माणसांसाठी आहेत. दुखणाऱ्या टोंगळ्याचा प्रश्न निराळा असतो. त्याच्या पायात जीव असतो, ताकद कमी झालेली असते आणि वापरायची भीती बसलेली असते. अशा गुडघ्यासाठी सध्या तीन पातळ्यांवरची साधनं आहेत. पहिली, मेडिकलमध्ये मिळणारी ताणली जाणारी नी कॅप. तिने आधार वाटतो, ऊब मिळते, सांध्यावरचा भार मात्र फारसा बदलत नाही. दुसरी, बिजागरीची नी-ब्रेस. ती पायाला तीन ठिकाणी दाब देऊन आतल्या बाजूच्या झिजलेल्या भागावरचा भार थोडा बाहेरच्या बाजूला ढकलते. यातच कॅनडातल्या स्प्रिंग लोडेड टेक्नॉलॉजी या कंपनीची 'लेव्हिटेशन' ब्रेस येते. बसताना तिच्यात दाबून राहिलेला जोर उठताना परत मिळतो, वीज लागत नाही. तिसरी पातळी मोटरची किंवा हवेची. सॅन फ्रान्सिस्कोच्या रोम रोबोटिक्सने २०२१ साली 'असेंड' नावाची ब्रेस आणली. तिच्यात लोखंडी दांड्यांऐवजी हवेने फुगणारे कापडी भाग आहेत. पंप आणि बॅटरी अंगावर वागवायची, सेन्सर गुडघ्याचा कोन आणि हालचाल ओळखणार, आणि उठताना किंवा जिना चढताना हवा भरून पाय सरळ करायला हातभार लावणार.

मोटरची ब्रेस नेमकं काम कसं करते, हे पाहायला इथे थोडं थांबायला हवं. गुडघ्यावर नुसतं अंगाचं वजन येत नाही. पाय सरळ करायला मांडीचा पुढचा स्नायू ओढला जातो आणि ती ओढ वाटीवरून जाऊन दोन्ही हाडं एकमेकांवर दाबते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांना सेन्सर असलेले कृत्रिम गुडघे बसवून हा दाब प्रत्यक्ष मोजला. सपाटीवर चालताना तो अंगाच्या वजनाच्या अडीच पटीहून जास्त निघाला, जिना चढताना तिपटीच्या पुढे आणि उतरताना जवळपास साडेतीन पट. म्हणजे ६० किलोच्या बाईच्या एका टोंगळ्यातून जिना उतरताना २०० किलोचा दाब जातो. मोटरने पाय सरळ करण्याच्या कामातला थोडा वाटा उचलला, तर स्नायूला कमी ओढावं लागतं आणि तेवढा हाडांवरचा दाब घटतो. कल्पना पक्की आहे, तिच्यात फसवं काही नाही.

पुरावा मात्र अजून कोवळा आहे. अर्धांगवायूनंतर यंत्राची मदत आणि फिजिओथेरपी एकत्र दिली तर आपल्या पायावर चालू लागणाऱ्यांची संख्या वाढते, हे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलेलं आहे. गुडघ्याच्या झिजेसाठी मोटरच्या ब्रेसवर झालेले अभ्यास लहान गटांचे आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. त्यांत उठायला सोपं गेलं, जिन्यावर दुखणं कमी झालं असं लोक सांगतात. दोन वर्षांनी सांधा कसा राहतो, यंत्राच्या भरवशावर स्नायू आणखी दुबळा होतो की चालणं वाढल्यामुळे सुधारतो, याचं उत्तर त्या अभ्यासांतून मिळत नाही. मला ही दुसरी शंका जास्त छळते. ज्या स्नायूने टोंगळ्याला सांभाळायचं, त्याचंच काम यंत्राने हिसकावलं तर?

आता मावशीच्या प्रश्नाकडे येतो, कारण या विषयावर तिच्याइतका नेमका प्रश्न मला कुठल्या माहितीपत्रकात सापडला नाही. ही यंत्रं बेतलेली आहेत खुर्चीसाठी, जिन्यासाठी आणि पँटसाठी. खुर्चीची उंची दीड फूट, तिच्यावरून उठताना गुडघा साधारण काटकोनात असतो. चालताना तो ६० अंशांच्या आसपास वाकतो. उकिडवं बसायचं तर १२० अंशांच्याही पुढे जावं लागतं, तिथे पोटरी मांडीला भिडते. त्या सांदीत मोटर, बिजागरी किंवा हवेची पिशवी मावत नाही. म्हणजे मावशीला मदत सगळ्यात जास्त लागते ती जमिनीवरून उठताना, आणि नेमकं तिथेच यंत्र अडतं. पट्टे मांडीवर आवळायचे तर लुगड्याच्या आत की वर? आत घातले तर बसवायला आणि काढायला आडोसा हवा, मदतीला बाई हवी. वर घातले तर कापड सरकून यंत्र घसरतं. मांडीचा आकार खाली निमुळता असल्याने ते तसंही खाली सरकतंच. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. घामाने पट्ट्याखालची कातडी सोलते आणि लिथियम बॅटरी एवढ्या उकाड्यात चार्ज करणं तिला मानवत नाही. काही यंत्रांचे सेन्सर बुटाच्या तळव्यात असतात. इथे पायात चप्पल, नाहीतर पाय उघडेच.

हे सगळं यंत्र नाकारण्यासाठी लिहीत नाही. याच अडचणीतून आपल्या देशाने एकदा वाट काढली आहे. १९६०च्या दशकाअखेर जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी पाहिलं, की विलायती धाटणीचा कृत्रिम पाय बुटाशिवाय चालत नाही आणि तो घालून मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही. तो घेऊन गेलेला शेतकरी चार दिवसांत पाय कोपऱ्यात ठेवून कुबड्या काढायचा. त्यांनी रबर आणि लाकडाचा असा पाय बनवला, की तो घालून माणूस चिखलात अनवाणी चालू लागला आणि पंगतीला बसू लागला. जयपूर फूट जगभर गेलं. मोटरच्या ब्रेसला असा रामचंद्र शर्मा अजून भेटायचा आहे.

देशात काम सुरू झालं आहे. बेंगळुरूच्या जेनएलेक आणि बायोनिक यंत्र या कंपन्यांनी पुनर्वसनासाठी चालवणारे सांगाडे बनवले आहेत. आयआयटी मद्रासमध्ये सुजाता श्रीनिवासन यांच्या गटाने 'कदम' हा देशी बनावटीचा कृत्रिम गुडघा २०२२मध्ये आणला. मांडीतून पाय गेलेल्यांसाठी तो आहे. महाराष्ट्रात मुंबईला हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५पासून आहे, पुण्याचं सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे. या संस्थांच्या हाताखाली ही यंत्रं तपासली गेली तर पुढचा रस्ता दिसेल. गिर्यारोहक आणि हौशी चालणाऱ्यांसाठी कमरेला बांधायची चिनी यंत्रं आता हजार डॉलरच्या आसपास मिळतात. म्हणजे किमती उतरत आहेत. पण हौशी पर्यटकाचं यंत्र आजारी सांध्यावर चढवायची घाई कुणी करू नये. परदेशातल्या भाच्याने पाठवलं तरीही.

पैशाचा हिशेब गावाच्या पातळीवर मांडून पाहू. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनं घ्यायला ३,००० रुपये एकदाच मिळतात. साधनांच्या यादीत नी-ब्रेस आहे, काठी आहे, वॉकर आहे, कमोड खुर्ची आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतही गुडघ्याचा पट्टा आला आहे. ३,००० रुपयांत बिजागरीची साधी ब्रेस येते. मोटरचं यंत्र या आकड्याच्या आसपासही येत नाही. शस्त्रक्रियेचं म्हणाल तर २०१७च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीला लगाम घातला आणि नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी तो दीड लाखाच्या पुढे विकला जायचा. सांधा पार गेलेला असेल तर शस्त्रक्रियाच सगळ्यात भरवशाची. पण ती प्रत्येकाला लागत नाही. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेने दुखणं जास्त कमी झालं, हे खरं. मात्र ज्यांना आधी व्यायाम, वजन कमी करणं, शिकवण आणि गोळ्या एवढंच दिलं, त्यांच्यातल्या चौघांपैकी तिघांना वर्षभरात शस्त्रक्रियेची गरज पडली नाही.

मावशीची नी कॅप खुंटीला लटकलेली आहे. शहरातल्या एका दवाखान्यात तिला ती घ्यायला लावली, मोठा एक्स-रे काढला, गोळ्यांची पिशवी दिली आणि दोन मिनिटांत बाहेर काढलं. मांडीच्या स्नायूचा व्यायाम करायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढं सांगायला किती वेळ लागला असता, या विचाराने माझा जीव आजही तळमळतो. पाय सरळ करून टोंगळ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबून दहापर्यंत मोजायचं. खाटेवर बसून एकेक पाय सरळ करायचा. खाटेच्या काठावरून हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. खाट बुटकी होती म्हणून चार पायांखाली दोन-दोन विटा घातल्या. अमेरिकेतल्या एका अभ्यासात अंगातलं एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा दाब चार किलोने घटतो असं दिसलं. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग चहातली साखर मी आजपासून बंद करतो." वऱ्हाडी बायका स्वतःविषयी 'करतो'च म्हणतात.

शेतातला भारही उतरवता येतो आणि त्याला बॅटरी लागत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ भिसे यांनी सायकलच्या भागांपासून 'कृषिराजा' हे कोळपं बनवलं. बैल परवडत नसलेला माणूस उभ्याने ते ढकलत तण काढतो. आमच्याकडे अशा अवजाराला सायकल डवरा म्हणतात. निंदणाचे उकिडवे तास त्याने जेवढे वाचतील, तेवढे तिशीतल्या बाईच्या टोंगळ्यांच्या खात्यात जमा होतील. साठीनंतर ब्रेसवर खर्च करण्याच्या आधी हा खर्च व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मोटरच्या यंत्राला या जिल्ह्यात मग जागा कुठे? माझ्या मते ती व्यक्तीच्या घरात नाही, फिजिओथेरपीच्या खोलीत आहे. इथले शेतकरी ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र भाड्याने आणतात. गटांच्या अवजार बँका आहेत. तसंच एखादं यंत्र वाशिमला नव्याने सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असावं. अर्धांगवायूचा रुग्ण सकाळी अर्धा तास ते घालेल, सांधा बदललेली बाई दुपारी घालेल, कुणी आठवड्यातून तीनदा येऊन घालेल आणि सहा आठवड्यांनी परत देईल. एका रुग्णाला लाखोंचं पडणारं यंत्र वर्षभरात शंभर जणांच्या पायांवर फिरलं तर हिशेब बदलतो. पण त्याला यंत्राइतकीच फिजिओथेरपिस्टची गरज आहे. वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयासाठी फिजिओथेरपिस्ट आणि ग्रामीण रुग्णालयासाठी पुनर्वसन कार्यकर्ता धरलेला आहे. मानोरा, रिसोडसारख्या ठिकाणी तो माणूस रोज खुर्चीवर दिसणं ही या प्रश्नातली सगळ्यात निकडीची गोष्ट आहे. वाशिमहून अकोला ८० किलोमीटर. टोंगळे दुखणारी बाई एसटीची पायरी चढून आठवड्यातून तीनदा तिकडे जाणार नाही.

आणि कुणी अभियंता खरोखर इथे यंत्र घेऊन आला, तर त्याने पहिली चाचणी दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर घेऊ नये. ती घ्यावी ओट्यावर, पाटावरून उठताना. घ्यावी पोहरादेवीच्या यात्रेत, रामनवमीच्या उन्हात, जिथे बंजारा समाजाच्या म्हाताऱ्या बाया तांड्यांवरून पायी येतात. घ्यावी जुलैत, पाऊस पडून गेलेल्या सोयाबीनच्या तासात, जिथे आमची काळी माती पावलागणिक चपलेला चिकटत जाते आणि दहा पावलांत पाय किलोभर जड होतो. मावशीने यायचं कबूल केलं आहे. फक्त पट्टे बांधायला सोबत एखादी बाई आणा, एवढीच तिची अट आहे.